बातमीची सनद

२०२५ सालच्या रमजानचा एकोणतिसावा रोजा होता. ३० मार्च, रविवार, आणि त्याच दिवशी गुढीपाडवा. सहेरी आटोपून फजरला निघण्याआधी मी सवयीने मोबाईल उघडला. गेवराई तालुक्यातल्या अर्धमसला गावच्या मशिदीत स्फोट झाल्याचा एक बोललेला निरोप येऊन पडला होता. सांगणारा धापा टाकत होता. 'इतने लोगां शहीद हो गए' म्हणत त्याने एक आकडाही दिला. जिल्हा आपला, महिना रमजानचा, ईद तोंडावर. मी काहीही विचार न करता तो निरोप दोन ठिकाणी पाठवला : एकदा नातेवाइकांच्या ग्रुपवर, दुसऱ्यांदा माझ्या वर्गातल्या मुलांच्या पालकांच्या ग्रुपवर.

दुपारपर्यंत खरी हकीकत कळली. रात्री अडीचच्या सुमारास जिलेटिनच्या कांड्यांनी स्फोट घडवला गेला होता. मशिदीच्या आतल्या भागाचे नुकसान झाले होते. मेले कोणी नव्हते, जखमीही कोणी नव्हते. पोलिसांनी दोघांना पकडले होते. म्हणजे घटना खरी होती, संताप येण्याजोगी होती, आणि मी पुढे पाठवलेला आकडा खोटा होता.

असरच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर एका वयस्कर हाजीसाहेबांनी मला थांबवले. त्यांचा नातू माझ्या वर्गात आहे.

"सर, वो मरने वालों का आकडा आपको किसने बोला?"

"ग्रुप पर आया था, चाचा."

"ग्रुप किसका नाम है?"

मला उत्तर देता आले नाही. मग ते हसून म्हणाले, "बच्चों को तो आप इमाम बुखारी का किस्सा सुनाते."

तो किस्सा आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. इमाम बुखारी एक हदीस ऐकण्यासाठी दूरचा प्रवास करून एका माणसाकडे गेले. तो माणूस रिकामी झोळी दाखवून, तीत दाणा असल्याचा बहाणा करून घोड्याला बोलावत होता. जो जनावराला फसवतो त्याच्याकडून मी हदीस घेणार नाही, असे म्हणून बुखारी तसेच परतले. मी हा किस्सा वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. पुढे एकदा मी तो एका आलिमांसमोर सांगितला. ते शांतपणे म्हणाले, "मास्टरसाब, इस किस्से की सनद क्या है? मेरे को तो पुरानी किताबों में नहीं मिला." सनदीचे महत्त्व सांगणारा किस्साच मी बिनसनदीचा सांगत होतो! बी.एड.ला असताना पाठ टाचणात 'संदर्भ' असा एक रकाना असे. आम्ही तो भरायचा म्हणून भरत असू. ती सवय बहुधा गेली नाही.

तरीही किस्सा बाजूला ठेवला तरी त्यामागचे शास्त्र खरे आहे. कोणी खबर आणली तर आधी तिची शहानिशा करा, हा हुकूम सूरा हुजुरातमध्ये आहे. हदीसच्या अभ्यासकांनी त्या मार्गावर हजार-बाराशे वर्षांपूर्वी केवढे काम उभे केले! मजकुराला ते 'मत्न' म्हणत आणि तो मजकूर कोणी कोणाकडून ऐकला त्या साखळीला 'सनद'. मराठी माणसाला सनद म्हटले की इनामाचा कागद आठवतो. अर्थ वेगळा असला तरी 'आधार' हा भाव दोन्हीकडे आहे. सांगणारा तो 'रावी'. त्याच्यात दोन गोष्टी पाहत. एक अदालत, म्हणजे वागण्यातला सरळपणा. दुसरी जब्त, म्हणजे ऐकलेले जसेच्या तसे राखण्याची ताकद. यातली दुसरी अट मला फार मोलाची वाटते. कितीतरी रावी असे होते की त्यांच्या नेकीबद्दल कोणालाही शंका नव्हती, पण स्मरण कच्चे होते, म्हणून त्यांची रिवायत 'जईफ' ठरली. माणूस भला आहे एवढ्याने त्याची बातमी खरी ठरत नाही.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या समाजाचा वृत्तपत्रांवरचा विश्वास उडाला, त्याला कारणे आहेत. माझ्या लहानपणी अब्बांच्या शिवणकामाच्या दुकानात मुंबईचा 'इन्किलाब' एसटीने एक दिवस उशिरा येई, आणि शेजारच्या हॉटेलात मराठी दैनिक त्याच दिवशी मिळे. अब्बा दोन्ही वाचत. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले. पुढे पकडलेल्यांत अब्दुल वाहिद शेख नावाचे एक शाळामास्तर होते. आरोपपत्र दाखल होण्याआधीच गावागावांत त्या सगळ्यांना 'दहशतवादी' म्हटले जाऊ लागले. शेख मास्तर नऊ वर्षे तुरुंगात राहून २०१५ मध्ये निर्दोष सुटले आणि त्यांनी 'बेगुनाह कैदी' हे पुस्तक लिहिले. उरलेल्या बारा जणांची शिक्षा २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली, आणि त्यावर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. आमच्या हॉटेलात येणाऱ्या पेपरात २००६ ची अटक पहिल्या पानावर होती. मास्तरांची सुटका मला आतल्या पानावर शोधावी लागली. मीही मास्तर आहे, म्हणून ते पान माझ्या लक्षात राहिले.

दुसरे कारण पैशाचे. हदीसशास्त्रात 'तदलीस' नावाचा एक दोष सांगितला आहे. प्रत्यक्ष ज्याच्याकडून ऐकले त्याचे नाव झाकायचे आणि वरच्या मोठ्या माणसाचे नाव पुढे करायचे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या काही दैनिकांनी दुसरे काय केले? एकाच नेत्याची स्तुती करणारा मजकूर निरनिराळ्या दैनिकांत शब्दाला शब्द सारखा छापून आला. त्यावर 'जाहिरात' असे कुठे लिहिलेले नव्हते. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये हे उघड केले. प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिचा सविस्तर अहवाल २०१० मध्ये तयार झाला, पण माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये लोकांसमोर आला. वाचकाला बातमी म्हणून जे दिले जात होते, त्याचा खरा रावी पाकिटात होता.

अशा वेळी इंटरनेटवरची स्वतंत्र वृत्तपत्रे आली. 'न्यूजलाँड्री' २०१२ ची, 'द वायर' २०१५ चे. कारखानदार मालक नाही, सरकारी जाहिरातीची ओढ नाही, खर्च वाचकांच्या पैशावर. 'वायर'ची उर्दू आवृत्तीही निघाली. आमच्या स्टाफरूममध्ये तिचे लेख फिरू लागले. चला, आपली बाजू मांडणारे कोणीतरी आहे, असे वाटले.

'आपली बाजू' या शब्दांपाशी मला थांबावेसे वाटते. ज्याचा विश्वास एकीकडे उडतो तो दुसरीकडे फार लवकर विश्वास ठेवू लागतो. आपण चिकित्सक झालो असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात आपण फक्त दुकान बदललेले असते. आणि मोबाईलवर तर दुकानाचे नावही नसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा फोनवरून फिरत होती. त्याच रविवारी मालेगावात परभणीकडच्या एका कुटुंबाला जमावाने घेरले. त्यात दोन वर्षांचे लेकरू होते. मोहल्ल्यातल्याच लोकांनी त्यांना घरात घेतले आणि पोलीस येईपर्यंत सांभाळले, म्हणून ते वाचले. वाचवणारे आपले होते हे आपण अभिमानाने सांगतो. घेरणारेही आपलेच होते, हे सांगत नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये 'द वायर'ने मेटा कंपनीविषयी बातम्यांची एक मालिका छापली. भारतीय जनता पक्षाच्या आयटी विभागाच्या प्रमुखांना इन्स्टाग्रामवर खास अधिकार आहे आणि त्यांनी तक्रार केली की ती पोस्ट काही न तपासता उतरवली जाते, असे त्यात म्हटले होते. पुरावा म्हणून कंपनीतला एक ईमेल दाखवला होता. कंपनीने तो बनावट असल्याचे सांगितले. बाहेरच्या जाणकारांनी कागदपत्रांतल्या विसंगती दाखवल्या. 'वायर' आधी अडून बसले. मग २३ ऑक्टोबरला त्यांनी त्या बातम्या मागे घेतल्या आणि चार दिवसांनी वाचकांची जाहीर माफी मागितली. महिनाअखेरीस पोलिसांनी संपादकांच्या घरांची झडती घेऊन त्यांची उपकरणे नेली. झडतीचा प्रश्न वेगळा आहे, चुकीच्या बातमीला पोलीस हे उत्तर मला तरी पटत नाही. पण झडती झाली म्हणून चूक लहान होत नाही.

मी ती पहिली बातमी वाचली तेव्हा मला आनंद झाला होता. स्टाफरूममध्ये मी ती मोठ्याने वाचून दाखवली. पुरावा पाहिला नाही, कारण पुरावा लागलाच नाही. आपल्या मनात आधीपासून होते तेच कोणीतरी छापले होते. त्या संपादकांच्या अदालतीबद्दल मला आजही शंका नाही. उणीव जब्तमध्ये राहिली. आपल्याच माणसाने आणलेला कागद त्यांनी परक्याच्या कागदासारखा तपासला नाही. आणि मी तर त्यांच्याइतकाही तपासला नाही.

माफीनंतर माझा विश्वास गेला का? नाही, पण तो पूर्वीचा राहिला नाही. पूर्वीचा विश्वास मुरीदाचा होता. आता मी वाचताना थांबतो, हे यांना कोणी सांगितले असे विचारतो. आणि हेही खरे, की उशिरा का होईना, ज्या ठिकाणी चूक छापली त्याच ठिकाणी, आपल्या नावाने त्यांनी ती कबूल केली. आमच्या हॉटेलातल्या पेपरने शेख मास्तरांच्या बाबतीत एवढेही केल्याचे मी पाहिले नाही.

इमाम बुखारींचे एक उस्ताद होते, अली इब्ने मदीनी. त्यांचे वडीलही हदीस सांगत. लोकांनी इब्ने मदीनींना वडिलांबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी आपल्या वालिदांना जईफ ठरवले. घरातल्या माणसाबद्दल, तेही बापाबद्दल, भर मजलिसीत असे सांगायला काय लागत असेल! मला वाटते, विश्वासाची खरी परीक्षा इथे आहे. एखादे वृत्तपत्र माझ्या विरोधकाबद्दल काय लिहिते यावरून मला त्याची पारख होत नाही. माझ्या समाजाच्या पुढाऱ्याबद्दल, माझ्या संस्थेबद्दल, आमच्या मोहल्ल्यातल्या बालविवाहाबद्दल ते लिहिते का, आणि लिहिल्यावर मी ते वाचणे सोडतो का, यावरून त्याची आणि माझी दोघांची पारख होते.

पण हा झाला दूरच्या बातमीचा विचार. दिल्लीची, गाझाची, अमेरिकेची बातमी पाटोद्यात बसून मी कशी तपासणार? यावर मला एक साधा मार्ग सापडला, तो आमच्या तालुक्यामुळेच. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया', ज्याला 'पारी' म्हणतात, ते साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केले. मुंबईतला एक ट्रस्ट ते चालवतो. जाहिराती नाहीत, वाचायला पैसे नाहीत, देणग्यांवर चालते. मराठीत आहे, उर्दूतही आहे. बीडच्या ऊसतोड कामगारांवर तिथे वारंवार लिहून आले आहे. ते लेख मी चुका काढण्याच्या हेतूने वाचायला घेतले. ऊसतोड म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. दिवाळीनंतर आमच्या तालुक्यातली गावे रिकामी होतात. शाळेच्या पटावर नावे राहतात, मुले बैलगाडीत आणि ट्रॅक्टरमध्ये बसून जातात. वाचताना पाहिले, तर कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी हे बरोबर, उचल बरोबर, खाडा धरला की पैसे कसे कापतात ते बरोबर, कोपीत दिवा कशाचा तेही बरोबर. गावाचे नाव, बोलणाऱ्या बाईचे नाव, फोटो कोणी काढला, मराठी कोणी केले, सगळे लिहिलेले. कुठे माहिती मिळाली नाही तर मिळाली नाही म्हटलेले. ज्याने माझ्या डोळ्यांसमोरचे बरोबर सांगितले, त्याने न पाहिलेल्या झारखंडबद्दल सांगितलेले मी ऐकून घेतो. विश्वास असा जवळून दूर जातो. उलट दिशेने आलेला मला धोक्याचा वाटतो.

याच विषयावर २०१९ मध्ये आमचा जिल्हा देशभर गाजला. ऊसतोड बायकांची गर्भाशये काढली जातात, ही बातमी आली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. बातमी खरी होती, आकडा भयंकर होता. पण काही ठिकाणी मथळे असे आले की जणू गावच्या गाव बाईपणाला मुकले आहे. इकडच्या मुलींच्या सोयरिकीत तो मथळा बोलला जाऊ लागला. खरे सांगताना ज्याच्याबद्दल सांगतो त्याची अब्रू राखणे हाही विश्वासाचाच भाग आहे. वाचक म्हणजे फक्त वाचणारा नव्हे, जिच्यावर बातमी आहे ती बाईसुद्धा, तिला वाचता येत नसले तरी.

पैशाबद्दल आपण फार बोलत नाही. 'हमारा मीडिया नहीं' ही तक्रार प्रत्येक जलशात ऐकू येते. ३१ जानेवारी १९२० ला डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' काढला. 'केसरी'ने त्याची पैसे देऊन जाहिरातसुद्धा छापली नव्हती. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, तरी पाक्षिक १९२३ पर्यंतच तगले. आपले पत्र हवे, पण ते फुकट हवे, असे त्या काळच्या गरीब वाचकाला म्हणायचा हक्क होता. महिन्याला मोबाईलच्या रिचार्जला शेकडो रुपये घालणाऱ्या माझ्यासारख्या पगारदाराला तो आहे का? मी स्वतः २०२३ पर्यंत एक रुपयाही दिला नव्हता. आता थोडे देतो. त्याची फुशारकी नको, कारण पुढची गोष्ट त्याच पैशाची आहे.

माझा एक जुना विद्यार्थी आमच्या तालुक्यात मोबाईलवर बातम्यांचे चॅनल चालवतो. त्याचे नाव सांगत नाही. एक मोटारसायकल, एक माइक, काठीला लावलेला मोबाईल. नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा हे त्याचे उत्पन्न. "जाहिरात नाही घेतली तर पेट्रोल कुठून घालू, सर?" असे तो विचारतो, आणि मला उत्तर सुचत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात त्याने एका वस्तीवरच्या पाण्याची बातमी केली. आठ दिवस टँकर आला नाही, खेपा कागदावरच मारल्या, असे त्याने सांगितले. टँकर आला नव्हता हे खरे होते. पण रस्त्यावरचा नळकांडी पूल खचल्याने तो वस्तीच्या अलीकडेच उभा राहायचा, आणि बाया तिथून पाणी आणायच्या. टँकरवाल्याने येऊन दम दिला. पोराने गुपचूप बातमी काढून टाकली. लोकांनी अर्थ काढला : पैसे खाल्ले.

तो माझ्याकडे आला. मी म्हणालो, "काढू नकोस. पुन्हा लाव. काय चुकले ते सांग, आणि काय खरे आहे तेही सांग. बाया एवढ्या लांबून हंडे वाहतात हे तर खरेच आहे ना?"

"सर, गलती मान ली तो लोगां बोलेंगे, ये तो झूठाच है. बड़े पेपर वाले कभी मानते क्या?"

मी त्याला अदालत आणि जब्त समजावून सांगितले. चूक झाकणाऱ्याच्या शंभर खऱ्या बातम्याही संशयात जातात, असेही म्हणालो. त्याने ऐकून घेतले. चार दिवसांनी त्याने खचलेल्या पुलावर उभे राहून चूक सांगितली. पाहणारे पहिल्या बातमीच्या निम्मेही नव्हते. शुभेच्छांची एक जाहिरातही गेली. पण पुढच्या महिन्यात त्याच वस्तीवरून दोन बाया आपण होऊन रेशनचा कागद घेऊन त्याच्याकडे आल्या, असे त्याने मला सांगितले. यात विश्वास किती आणि गरज किती, ते त्यालाही ठरवता आले नाही.

अर्धमसल्याच्या दिवशी मशिदीच्या पायरीवरून घरी येताना मला तो पूल आठवला. दुसऱ्याला सांगणे किती सोपे गेले होते! माझ्यापुढे एक पर्याय होता : निरोप पुसून टाकायचा. तेवढी सोय फोनमध्ये असते. इफ्तारला तासभर बाकी होता. मी पालकांच्या ग्रुपवर उर्दूत लिहिले की सकाळी मी पाठवलेला मृतांचा आकडा खोटा होता, तो मी तपासला नव्हता, चूक माझी आहे. ज्यांनी पुढे पाठवला असेल त्यांनी हेही तिथे पाठवावे. नातेवाइकांच्या ग्रुपवरही तेच टाकले. तिथे एका भावजींनी हसणारा चेहरा पाठवला. पालकांपैकी बहुतेकांनी वाचले, उत्तर दिले नाही.

रात्री चाँद दिसल्याची गडबड सुरू झाली. उशिरा एका मुलीच्या आईचा निरोप आला. "सर, मैं तो सुबह ही आगे भेज दी थी. आपने भेजे बोल के सच समझी. अब किस-किस को भेजी, याद नहीं."